न शिजवलेल्या टोमॅटोचा पास्ता, पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

पास्ता म्हटलं की आपल्याकडे दोनच प्रकार डोळ्यासमोर येतात, लाल आणि पांढरा, आणि दोन्हींत सॉस इतका जड असतो की टोमॅटोची किंवा पास्त्याची स्वतःची चव लागतच नाही. कांदा, सिमला मिरची, केचप, ओरेगॅनोच्या दोन पुड्या, वरून किसलेलं चीज, आणि मग लोक म्हणतात की पास्ता खाल्ला की पोट जड होतं. इथे जो सांगतेय तो ह्याच्या अगदी उलट आहे. ह्यात टोमॅटो शिजवायचाच नाही. पिकलेले टोमॅटो, लसूण, बेसिल आणि चांगलं ऑलिव्ह ऑइल एका भांड्यात मुरत ठेवायचं, तोवर शेजारी पास्ता उकळायचा, आणि निथळलेला गरमागरम पास्ता त्या कच्च्या सॉसमध्ये ओतून भराभर हलवायचा, झालं. दक्षिण इटलीत, विशेषतः पुलिया भागात (नकाशातल्या बुटाची टाच आहे ना, तो भाग), उन्हाळ्यात दुपारच्या जेवणाला असा पास्ता घरोघरी करतात, त्याला क्रुदायोला म्हणतात. ऊन चढलेलं असताना गॅससमोर सॉस आटवत उभं राहायचं नाही, हा त्याचा मोठा फायदा, आणि तो आपल्या एप्रिल-मेमध्ये तर फारच कामाचा आहे.

पाणी उकळण्यासकट सगळं मिळून अर्धा तास धरा, त्यातलं हाताचं काम दहा मिनिटांचं. मसाला नाही, फोडणी नाही, परतणं नाही. पण लपवायला काहीच नसल्यामुळे चारपाच वस्तूच नीट निवडाव्या लागतात, म्हणून आधी सामानावर जरा जास्त बोलते, कृती नंतर, ती सोपीच आहे.

दोघांसाठी: पास्ता १८० ते २०० ग्रॅम, टोमॅटो ४०० ग्रॅम (मध्यम आकाराचे चारपाच), लसणाच्या दोन पाकळ्या, एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह ऑइल तीन-चार टेबलस्पून, बेसिलची वीसेक पानं, मीठ, ताजी मिरपूड, एक लिंबू. वरून घालायला चीज किंवा पावाचा कुरकुरीत चुरा, त्याचं पुढे सांगते.

टोमॅटो

सगळा पदार्थ ह्याच्यावर उभा आहे. आपल्या बाजारात येणारे बरेचसे टोमॅटो लांबट, जाड सालीचे, प्रवासात टिकणारे हायब्रीड असतात, नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या मार्केटमधून लांबच्या शहरांसाठी माल निघतो तेव्हा तो पूर्ण लाल झालेला नसतोच, नाहीतर वाटेतच त्याचा चिखल होईल. त्यामुळे आणल्या आणल्या वापरू नका. दोन-तीन दिवस टोपलीत, देठाची बाजू खाली करून, उन्हापासून लांब ठेवा, एकावर एक रचू नका. पूर्ण लाल झाला, अंगठ्याने दाबल्यावर थोडा मऊ लागला आणि देठाजवळ नाक नेल्यावर वास आला की तयार. आणि कृपा करून फ्रिजमध्ये ठेवू नका, थंडीत टोमॅटोचा वास तयार व्हायचाच थांबतो, भाजीत ते लक्षात येत नाही पण इथे लगेच कळतं.

गावठी टोमॅटो मिळाले, ते चपटे, खाचा असलेले, पातळ सालीचे, तर फारच छान, रस भरपूर निघतो. ते आंबट असतात, मग चिमूटभर साखर घाला आणि लिंबाचा रस वगळा. चेरी टोमॅटो आता बऱ्याच शहरांत भाजीवाल्यांकडे डबीत मिळतात, ते गोड असतात, नवशिक्यांसाठी सगळ्यात खात्रीचे, फक्त महाग पडतात. अर्धे साधे अर्धे चेरी हाही चांगला मार्ग आहे.

पास्ता

पाकिटाच्या मागे घटक वाचा. ‘ड्युरम व्हीट सेमोलिना’, म्हणजे ड्युरम जातीच्या गव्हाचा रवा, एवढंच लिहिलेलं हवं. मैदा असलेला पास्ता आतून शिजेपर्यंत बाहेरून गिळगिळीत होतो, त्याला कितीही जपा. इटलीत तर सुका पास्ता ड्युरमचाच असला पाहिजे असा १९६७ पासून कायदा आहे. हा ड्युरम गहू आपल्याला परका नाही बरं का, आपला बन्सी गहू ड्युरमच आहे, म्हणून तर त्याचा रवा आणि शेवया एवढ्या मोकळ्या होतात. पाकिटावर प्रोटीनचा आकडाही बघा, १०० ग्रॅमला १२-१३ ग्रॅमच्या आसपास असेल तर पास्ता दाताखाली छान लागतो.

शाकाहारी असाल तर ठिपका बघूनच घ्या, कारण काही चपटे रुंद प्रकार, टॅलियाटेले वगैरे, अंडं घालून केलेले असतात. स्पॅगेटी, पेने, फुसिली हे सुके प्रकार सहसा नुसत्या रव्याचे आणि पाण्याचे असतात. ह्या पदार्थाला मी पहिल्या वेळी फुसिली घ्या म्हणेन, त्याच्या पिळांमध्ये टोमॅटोचा रस अडकतो, हलवायला सोपी, मोठं पातेलं लागत नाही. स्पॅगेटी दुसऱ्या वेळी.

तेल

इथे तेल कच्चंच पोटात जाणार आहे, म्हणून एक्स्ट्रा व्हर्जिनच हवं. आपल्याकडे दुकानात ‘पोमेस’ नावाचं ऑलिव्ह ऑइल बरंच स्वस्त मिळतं, ते तेल काढून उरलेल्या चोथ्यातून काढून रिफाइन केलेलं असतं, तळणीला चालतं पण त्याला स्वतःची चव जवळजवळ नसते. छोटी बाटली घ्या, गडद काचेची, गॅसपासून लांब ठेवा आणि उघडल्यावर दोनतीन महिन्यांत संपवा. घाण्याचं शेंगदाणा तेल मला स्वतःला खूप आवडतं, पण ह्या पास्त्यात घातलं की शेंगदाण्याचाच वास पुढे येतो, टोमॅटो मागे पडतो.

बेसिल

आपली देवघरासमोरची तुळस ह्यात घालू नका, भावनेचा प्रश्न बाजूला ठेवला तरी तिची चव लवंगेच्या अंगाने जाते आणि तिखट लागते. इटालियन बेसिल म्हणजे सब्जाच्या जातीचं झाड. ज्याचं बी आपण फालुद्यात घालतो तोच सब्जा, आपल्याकडचा जरा जास्त उग्र असतो, बडीशेपेच्या वासाचा, पण कुंडीत असेल तर कोवळी पानं निम्म्या प्रमाणात घालून बघायला हरकत नाही. बाजारात एक्झॉटिक भाज्या ठेवणाऱ्यांकडे इटालियन बेसिलची जुडी मिळते. ती फ्रिजमध्ये काळी पडते, त्यापेक्षा दांड्यांची टोकं कापून फुलांसारखी पाण्याच्या पेल्यात ओट्यावर ठेवा, तीनचार दिवस राहते, आणि त्यातल्या एकदोन दांड्यांना मुळं फुटली तर सरळ कुंडीत लावा. वाळलेलं बेसिल डबीतलं असतं ते ह्या पास्त्याला अजिबात नको. बेसिल मिळालंच नाही तर पुदिन्याची आठदहा पानं घाला. कोथिंबीर घातलीत तर खायला वाईट लागणार नाही, पण ती कोशिंबिरीची चव होते.

आता कृती

आधी टोमॅटो, कारण त्यांना मुरायला वेळ द्यायचाय. सगळं कच्चंच खायचंय तेव्हा टोमॅटो आणि बेसिल नीट धुवा, पावसाळ्यात तर दोनदा, आणि कोरडं करा, पानांवर पाणी राहिलं तर सॉस पातळ होतो.

निम्मे टोमॅटो बारीक चिरा, बोटाच्या पेराएवढ्या फोडी नकोत, त्याच्या निम्म्या. उरलेले आडवे अर्धे कापा आणि कापलेली बाजू किसणीच्या मोठ्या भोकांवर ठेवून तळव्याने हलकं दाबत किसा. गर सगळा खाली पडतो आणि शेवटी हातात नुसती साल उरते, चपटी, जवळजवळ पारदर्शक, ती टाकून द्या. टोमॅटो उकडून साल काढायची भानगडच नाही, आणि तो किसलेला गर आणि चिरलेल्या फोडी मिळून सॉस ना पाणचट होतो ना गोळा. मिक्सर लावू नका, हवा जाऊन गुलाबी फेस होतो आणि चवही उतरते.

हे सगळं एका मोठ्या काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात काढा, इतकं मोठं की नंतर त्यात सगळा पास्ता मावून हलवता आला पाहिजे. ॲल्युमिनियम नको, बिनकल्हईचं पितळ तर मुळीच नको, टोमॅटोचा आंबटपणा भांड्याला लागतो. अर्धा टीस्पून मीठ, तेल, दहाबारा बेसिलची पानं हाताने फाडून, आणि लसूण. लसणाच्या पाकळ्या सोलून सुरीच्या पात्याने ठेचा, फक्त फुटल्या पाहिजेत, आणि तशाच अख्ख्या टाका. पास्ता घालायच्या आधी त्या काढून टाकायच्या. कच्चा लसूण बारीक करून घातला की आपला गावठी लसूण सगळ्यावर मात करतो, संध्याकाळपर्यंत तोंडात राहतो. ज्यांना तेच आवडतं त्यांनी एक पाकळी किसून घालावी. चातुर्मासात किंवा एरवीही लसूण न खाणाऱ्यांनी सरळ वगळा, काही अडत नाही, त्याऐवजी एक सुकी लाल मिरची मोडून घाला.

झाकून वीस मिनिटं ठेवा. मिठामुळे टोमॅटोला पाणी सुटतं, ते पाणी तेलात मिसळतं, लसूण-बेसिलचा वास त्यात उतरतो, आणि हाच तुमचा सॉस. चाखून बघा, ह्या वेळी तो किंचित जास्त खारट आणि जास्त आंबट लागला पाहिजे, कारण पुढे पास्ता त्यातलं बरंच शोषून घेणार आहे.

टोमॅटो झाकले की लगेच पाणी चढवा. दोघांच्या पास्त्याला दोन लिटर, मोठ्या पातेल्यात. कुकरमध्ये शिट्टी करून पास्ता करणारे लोक आहेत, ह्या पदार्थाला ते नको, कधी शिजला ते बघताच येत नाही. पाणी खळखळून उकळल्यावर एक टेबलस्पून मीठ. मोजून लिटरला सातआठ ते दहा ग्रॅम. पास्त्याचं पाणी समुद्रासारखं खारट हवं असं सगळीकडे वाचायला मिळतं, त्यावर विश्वास ठेवू नका, समुद्राच्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅम मीठ असतं, तो पास्ता कोणाला खाताच येणार नाही. नीट मीठ पडलेल्या आमटीइतकं खारट, एवढंच. पण मीठ पाण्यातच घालायचं, कारण पास्ता शिजताना जे पाणी पितो त्याबरोबरच मीठ आत जातं, नंतर वरून घातलेलं बाहेरच राहतं.

तेल पाण्यात घालायचं नाही. चिकटू नये म्हणून घालतात पण ते वर तरंगत राहतं आणि काढताना पास्त्याला लागून सॉस निसटवतं. चिकटू नये म्हणून पहिली दोन मिनिटं ढवळत राहायचं, त्या वेळातच पास्त्यावरची स्टार्च चिकट असते, नंतर अधूनमधून हलवलं तरी पुरे. स्पॅगेटी असेल तर मोडू नका, एक टोक पाण्यात उभं करा, मिनिटभरात वाकते, मग चमच्याने आत ढकला.

पाकिटावर जी वेळ दिलीय त्याच्या दोन मिनिटं आधीपासून एकेक तुकडा काढून चावायला लागा. दाताने तोडलेला तुकडा बघा, मध्यभागी बारीक पांढरा ठिपका किंवा रेघ दिसेल, तो म्हणजे अजून कोरडा असलेला रवा. तो ठिपका जाता जाता, अगदी सुईच्या टोकाएवढा राहिला की गॅस बंद. पुण्या-नाशकासारख्या उंचीवरच्या गावात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं त्यामुळे मिनिटभर जास्त लागू शकतं, घड्याळापेक्षा दाताचं ऐका. घरात वयस्कर माणसं असतील आणि त्यांना मऊ हवा असेल तर त्यांच्यापुरता आणखी दोन मिनिटं राहू द्या, त्यात काही चुकीचं नाही, त्यांना चावता आला पाहिजे.

ओतण्याआधी एक वाटी पाणी बाजूला काढा. हे विसरू नका, चाळणीत ओतल्यावर ते सिंकमधून गेलेलं असतं. मग पास्ता चाळणीत निथळा, पण थंड पाण्याखाली धुवू नका, धुतलात तर वरची स्टार्चही जाते आणि गरमपणाही, आणि आपल्याला दोन्ही हवंय.

आता घाई करायची. सॉसमधून लसूण काढा, वाफाळता पास्ता थेट टोमॅटोवर ओता, राखलेल्या पाण्यातलं तीनचार टेबलस्पून घाला आणि दोन मोठ्या चमच्यांनी खालून वर, खालून वर, चांगलं मिनिटभर जोरात हलवा. सुरुवातीला तळाशी लालसर पाणी आणि वर तेलाचे थेंब वेगळे दिसतील, घाबरू नका, हलवत राहा. पास्त्याची स्टार्च तेल आणि टोमॅटोचं पाणी धरून ठेवते, बघता बघता तो रस दाटसर होतो, पास्त्याला चिकटतो आणि सगळ्याला एक चकाकी येते. भांड्याच्या तळाशी पाणी साठलेलं दिसत नाही, ही ओळख. कोरडं वाटलं तर अजून चमचाभर पाणी. गॅसवर परत ठेवायचं नाही. पास्त्याच्या उष्णतेने टोमॅटो कोमट होतो पण कच्चाच राहतो, आणि ह्याच वेळी जो वास वर येतो तो शिजवलेल्या सॉसला कधीच येत नाही.

शेवटी उरलेलं बेसिल, पुन्हा हातानेच फाडून, सुरीने चिरलं की कडा काळ्या पडतात. मिरपूड. आणि लिंबाची साल, फक्त वरचा रंगीत थर, बारीक किसणीवर तीनचार वेळा फिरवून. आपल्या कागदी लिंबाची साल पातळ असते, जरा जोर दिला की खालचा पांढरा कडू भाग येतो, त्यामुळे हलक्या हाताने. रस मात्र चाखून मगच, टोमॅटो आधीच आंबट असतील तर नकोच.

चीज घालायचं असेल तर

शाकाहारी लोकांना एक गोष्ट माहीत असायला हवी आणि बऱ्याच जणांना ती कोणी सांगितलेली नसते. इटलीचं खरं पार्मिजानो रेजानो (आपण ज्याला पार्मेझान चीज म्हणतो ते) वासराच्या पोटातल्या रेनेटने, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या पदार्थाने, केलेलं असतं, तसा त्याचा नियमच आहे, ग्राना पादानोही तसंच. म्हणजे ते शाकाहारी नाही. रेस्टॉरंटमध्ये ‘व्हेज पास्ता’ मागवला तरी वर काय किसलंय ते विचारा, संकोच करू नका. घरी करताना पाकिटावर हिरवा ठिपका आणि ‘मायक्रोबियल रेनेट’ (प्राण्याऐवजी सूक्ष्मजीवांपासून केलेलं) असं लिहिलेलं बघून घ्या, भारतात तयार होणारी पार्मेझान धाटणीची बरीच चीजं अशी असतात. दोघांना ३० ग्रॅम पुरे.

प्रोसेस्ड क्यूब ह्यावर किसू नका असं माझं ठाम मत आहे, त्याचा खारट-दुधाळ थर बसला की टोमॅटो संपला. त्यापेक्षा घरी दूध फाडून केलेलं ताजं पनीर निथळून, मीठ लावून, बोटांनी कुस्करून घाला. पुलियात ह्यावर काचोरिकोता नावाचं साधं, भुसभुशीत पांढरं चीज घालतात, पनीरचा पोत त्याच्या बराच जवळ जातो.

आणि चीज नकोच असेल तर ह्याहून चांगली गोष्ट आहे. दोन शिळे पाव, कालचे, हाताने चुरा. कढईत टेबलस्पूनभर ऑलिव्ह ऑइलवर मंद आचेवर सोनेरी आणि कुरकुरीत होईपर्यंत परता, चार-पाच मिनिटं लागतात, शेवटच्या मिनिटाला लक्ष द्या कारण पटकन करपतो. चिमूट मीठ. दक्षिण इटलीत ज्यांना चीज परवडत नसे ते पास्त्यावर हेच भुरभुरवायचे. मऊ पास्ता, ओला टोमॅटो आणि मधेच कुरकुरीत पाव, मला तर चीजपेक्षा हेच जास्त आवडतं. फक्त ताटात वाढल्यावर घाला, आधी घातला तर भिजून जातो.

टोमॅटो चांगले नसतील तेव्हा

भर पावसाळ्यात टोमॅटो फिकट, पाणीदार येतात, तेव्हा कच्च्याचा हट्ट धरू नका. चेरी टोमॅटो मिळत असतील तर अर्धे करून, लसूण तेलात हलका गरम करून त्यात मोठ्या आचेवर तीन-चार मिनिटंच परता, साल सुरकुतली आणि रस सुटला की बंद, बाकी सगळं तसंच. हिवाळ्यात कोवळे मटार आले की टोमॅटोऐवजी तेच घ्या: दीड वाटी मटारदाणे पास्त्याच्याच पातेल्यात शेवटच्या तीन मिनिटांना टाकायचे, एकत्रच निथळायचं, तेल, लिंबाची साल, थोडा रस, पुदिना आणि भरपूर मिरपूड. ह्यात राखलेलं पाणी जरा जास्त लागतं, अर्धी वाटी तरी, कारण टोमॅटोचा रस नाहीये, आणि मूठभर मटार चमच्याने ठेचून घेतले तर सॉस दाट होतो.

हा पास्ता केल्या केल्या खायचा, पानं मांडून मंडळी बसली की मगच पास्ता निथळा. उरला तर गरम करू नका, टोमॅटो शिजून वेगळीच चव होते, फ्रिजमध्ये ठेवा आणि त्याच दिवशी संध्याकाळी थोडं तेल आणि लिंबू घालून गारच सॅलडसारखा खा, काकडी चिरून घातली तरी चालते. उन्हाळ्यात मुलांच्या डब्यात देऊ नका, कच्चा टोमॅटो उकाड्यात दुपारपर्यंत आंबतो. डब्यासाठी चेरी टोमॅटो परतलेलाच प्रकार करा, पनीर न घालता, आणि पास्ता पूर्ण गार झाल्यावरच झाकण लावा.

चौघांसाठी करायचा असेल तर सगळं दुप्पट, पण पाणी साडेतीन लिटर असलं तरी भागतं, आणि हलवायला परात घ्या. रुंद परातीत पास्ता पसरतो, सगळीकडे सॉस लागतो, आणि ती तशीच मधोमध ठेवून सगळ्यांनी वाढून घेता येतं.